मधला संथ मसाला

ह्यांच्या वर्षश्राद्धानंतर पत्र्याची पेटी आवरायला घेतली, तर त्यांच्या जुन्या सदऱ्याला गंधकाचा वास आला आणि निरगुडसरच्या जत्रेतली एक संध्याकाळ डोळ्यांपुढे उभी राहिली. हे शाळेत मास्तर, पण शाळा सुटली की ह्यांना शोभेच्या दारूचा नाद. त्या वर्षी गावाने पहिल्यांदाच ह्यांनी बनवलेल्या शोभेच्या दारूच्या झाडाला पालखीपुढे जागा दिली होती. पहिला फुलोरा संपला की मधला संथ मसाला आतल्या आत जळायचा आणि मगच दुसरा फुलोरा उसळायचा. पहिला झाला, टाळ्या पडल्या आणि मग नुसताच अंधार. "मास्तर, विझलं की राव! पुढच्या साली मेणबत्ती आणा," मागून कुणीतरी ओरडले आणि हशा पिकला. जत्रा कमिटीतले एक भाऊ पाण्याची बादली घेऊन झाडाकडे निघाले. हे आडवे आले. "भाऊ, जवळ जाऊ नका, आत जळतंय." "काय बी जळत न्हाई, मास्तर. सरका." हे माझ्याकडे वळले. "किती झाले?" घरी प्रत्येक चाचणीला आकडे मीच मोजत असे, इथेही मनात मोजत होते. "एकतीस," मी म्हणाले, "चाळीसला लागेल." गावच्या सुनेने इतक्या माणसांत मोठ्याने बोलायची ती पहिलीच वेळ. भाऊंनी बादली खाली ठेवली. "वैनी म्हणत्यात तर थांबू." छत्तीसला झाड पांढरेशुभ्र फुलले. सगळे वर बघत असताना हे माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "तू हळू मोजलंस." मी म्हणाले, "तुमचा मसाला कमी पडला." हा वाद आम्ही शेवटपर्यंत मिटवला नाही, आणि आता मला तो मिटवायचाही नाही.