बटण दाबायला कुणीतरी

बोरीहून परत येताना वायपर बंद पडला. माझ्याबरोबर नोकरी केलेले गणिताचे एक सर तिथं राहतात. घसरून पडल्यामुळं त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून भेटायला गेलो होतो. निघालो तेव्हा आभाळ गच्च भरलेलं होतं. त्यांच्या बायकोनं थांबा म्हटलं, जेवून जा म्हटलं. जिंतूरला घरी माझी वाट पाहणारं कुणी नव्हतं, तरी मी घाईत असल्यासारखं दाखवलं. एकट्यानं राहायला लागल्यापासून ही खोड लागलीय. कुणी जेवायला थांब म्हटलं की त्याला आपली कीव आली असावी असं वाटतं, आणि मग पाय निघतोच.

अर्ध्या वाटेत पाऊस गाठला. वायपर थोडा वेळ चालले आणि मग माझ्या समोरचा काचेच्या मधोमध आडवा पडला. आतून मोटरचा आवाज येत होता, म्हणजे वीज पोचत होती. डावीकडचा, शेजारच्या सीटसमोरचा वायपर मात्र इमानेइतबारे काच पुसत होता. त्या सीटवर कुणीच नव्हतं, माझी पिशवी होती तेवढी. मी मान वाकडी करून त्या स्वच्छ काचेतून रस्ता बघत थोडं अंतर गाडी हाकली. मग समोरून एक ट्रॅक्टर आला, त्याचा दिवा डोळ्यांवर पसरला, तशी मी भीतीनं गाडी बाजूला घेतली.

दोन्हीकडं सोयाबीन होतं. पाऊस उघडेपर्यंत तिथंच बसलो. अशा वेळी माणूस कुणाला तरी फोन करतो. मी मोबाईल हातात घेतला, बायकोचा नंबर काढला आणि ठेवून दिला. ती पुण्यात. तिला सांगून काय होणार होतं? उगाच जीव टांगणीला लागला असता.

बायको पुण्याला गेली ती नातू झाला तेव्हा. मुलगा-सून दोघं नोकरीला. सहा महिने राहून येते म्हणाली होती. नातू रांगला, चालला, बोलायला लागला, आता शाळेत जातो. मीही गेलो होतो तिकडं राहायला. पोरं चांगली आहेत, कुणी कधी वाकडा शब्द बोललं नाही. पण सकाळी सगळे बाहेर पडले की बायको स्वयंपाकघरात आणि मी सोफ्यावर. खाली उतरलं तर बाकावर माझ्यासारखेच बसलेले, आपापल्या गावचं सांगणारे. मी हायस्कुलात चित्रकला शिकवली, हात रिकामे ठेवायची सवय नाही. घर बंद ठेवलं की वाळवी लागते असं निमित्त सांगून परत आलो. ते निमित्त कुणाला पटलं नव्हतं आणि कुणी खोडूनही काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजला नेली. गाडी मुलगा बारावीला असताना घेतलेली, आता तिच्या वयाच्या गाड्या रस्त्यावर फार दिसत नाहीत. मेकॅनिकनं काचेखालची जाळी उचलून आत बॅटरी मारली.

"दांडी सुटली सर," तो म्हणाला. "मोटर फिरती, पर दांडीच्या टोकाला प्लास्टिकचं बुश असतंय, ते झिजून गेलं. आता खालच्या लोखंडी गोळीवर धरतच न्हाई."

"मग बसवून द्या नवीन."

"बुश मिळालं तर परभणीतच मिळंल. अन् सर, आठ-पंधरा दिवस तर मला हात लावायला जमायचं न्हाई. ही सगळी मळणीयंत्रं तयार करून द्यायचीत." त्यानं मागं हात केला. अंगणात यंत्रांची रांगच होती. त्याचं खरंच होतं.

मला मात्र थांबता येत नव्हतं. महालक्ष्म्या जवळ आल्या होत्या. बायको त्यासाठी येणार होती. मुलाला-सुनेला रजा नव्हती, ती एकटीच रेल्वेनं सेलूला उतरणार आणि तिथून तिला आणायचं, असं ठरलं होतं. भादव्याचा पाऊस कधी गाठेल सांगता येत नाही. भाड्याची गाडी करता आली असती. पण कित्येक महिन्यांनी बायको येणार आणि तिला घ्यायला दुसऱ्याची गाडी न्यायची, हे मनाला पटेना.

परभणीला एसटीनं गेलो. जुन्या गाड्यांचं सामान ठेवणाऱ्या दुकानदारानं डबे उलथेपालथे करून बुश काढून दिले. एक पाहिजे म्हटलं तर त्यानं जास्तीचे हातात टेकवले. "एक झिजलं म्हंजे बाकीचे बी झिजलेत समजा. कढत पाण्यात टाका, नरम पडतंय, मग पान्यानं दाबा. टक् आवाज आला की बसलं."

घरी येऊन कामाला लागलो. वायपरचे हात काढले, काचेखालची जाळी काढली. वर्षानुवर्षांचा पालापाचोळा निघाला, लिंबाच्या काड्या, एक वाळलेला सरडासुद्धा. खाली ती दांड्यांची जोडणी होती. मोटरचा छोटा हात गोल फिरतो, त्याला लांब दांडी जोडलेली, ती दुसरीला ढकलते, आणि गोल फिरण्याचं इकडून तिकडं जाणं होतं. मला ते बघायला आवडलं. चहाच्या पातेल्यात पाणी उकळून त्यात बुश टाकलं, चमच्यानं काढलं आणि पळत जाऊन दांडीवर दाबलं. पहिल्यांदा पोचेपर्यंत गार झालं. मग स्टोव्हच गाडीजवळ नेऊन ठेवला. टक् आवाज आला.

मी आत बसून वायपर चालू केला. दोन्ही हलले, पण अर्ध्यातच थबकून परत फिरायचे, आणि खालून खडखड आवाज. बाहेर येऊन बघावं तर दांड्या हलत होत्या, पण नेमकं कुठं चुकतंय ते कळेना. सुरू होताना आणि थांबताना कोणता सांधा आधी सरकतो ते बघायचं होतं. मी बटणापाशी गेलो की तो क्षण हातचा जायचा. आत बसून बटण दाबायला एक माणूस पाहिजे आणि बाहेर वाकून बघायला एक. दोन माणसांचं काम होतं, आणि मी एकटा आत-बाहेर करत होतो.

गेटपाशी उभं राहून गल्ली बघितली. समोरच्यांचं घर बंद, ते मुलाकडं संभाजीनगरला. त्यांच्या शेजारचं बंद. डावीकडचे बँकेत, संध्याकाळी येणार. याच गल्लीत कधीकाळी गाडीचं बोनेट उघडलं की माणसं आपण होऊन जमायची आणि नको ते सल्ले द्यायची. गल्लीतून एक भंगारवाला सायकल ढकलत गेला. त्याला हाक मारावी असं मनात आलं. पण काय म्हणणार? जरा आत बसून बटण दाबता का? मी ओशाळून मागं फिरलो. तोंडात शब्द तयार होता आणि तो निघाला नाही, याचंच वाईट वाटत राहिलं.

मग बायकोला व्हिडिओ कॉल केला. नातू शाळेत गेलेला, तेव्हा तिला थोडी उसंत असते.

"काय झालं? बरं हाय ना?" तिचा चेहरा घाबरलेला.

"बरंय. तुझ्याकडून एक काम हवंय. मी मोबाईल बोनेटमधी ठेवतो. मी आत बसून वायपर चालू करतो, तू फक्त बघायचं अन् सांगायचं."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"हलतंय काय अन् हलत न्हाई काय, एवढंच सांग."

मोबाईल बॅटरीला टेकवून ठेवला आणि आत जाऊन बसलो. खिडकीची काच खाली केली.

"काळंच दिसायलंय नुसतं," बोनेटमधून तिचा आवाज आला. उतरलो, मोबाईल सरळ केला, परत बसलो.

"आता दिसायलंय. करा चालू."

मी चालू केलं.

"थांबा. परत करा." मी परत केलं. "हे बघा, लांब दांडी हाय ना, ती ठीक हाय. पर ती जिथून निघती, त्या गोल फिरणाऱ्यापाशी, तिथं डुगडुग करायली. आधी ते फिरतंय अन् मग दांडी मागून जायली. लंगडत चालल्यावानी."

मोटरच्या हातावरचंच बुश. मी ते तपासलंच नव्हतं, कारण ते तुटलेलं दिसत नव्हतं. मोबाईल पायरीवर टेकवून ठेवला आणि परत पाणी उकळलं. तोवर ती मोबाईलमधून बोलत राहिली. स्टोव्ह कुठला काढलात, अंगण झाडता का, तुळस का वाळली. मी उत्तरं देत होतो, तिच्याकडं न बघता, काम करताना. किती तरी दिवसांनी आम्ही असं बोलत होतो. एरवी फोन केला की जेवलात का, गोळी घेतली का, यापुढं गाडी जात नाही. समोर काम असलं की बोलणं आपोआप येतं.

दुसरं बुश बसलं. मोबाईल परत बोनेटमध्ये ठेवून मी आत जाऊन चालू केलं.

"आता बघ."

"आता सरळ जायलंय," ती म्हणाली. तेवढ्यात तिच्याकडं बेल वाजली. तिचा आवाज एकदम बदलला, "हो हो, आले, आले ना," असं ती कुणाला तरी पुण्याच्या बोलीत म्हणाली, आणि फोन बंद झाला.

पात्या कोरड्या काचेवर करकर करत फिरत होत्या. मी तसाच बसून राहिलो. किती वेळ, कुणास ठाऊक. मग बंद केलं.

सेलूला तिला घ्यायला गेलो त्या दिवशी पाऊस होताच. गाडी उशिरा आली. ती उतरली तेव्हा दोन पिशव्या आणि नव्या साड्यांचा एक डबा, लक्ष्म्यांसाठी. थकलेली दिसत होती, केस आणखी पिकलेले. मोबाईलवर हे दिसत नाही. गाडीत बसल्या बसल्या तिनं काचेकडं बघितलं.

"चांगलं पुसायलंय," ती म्हणाली.

मला फार बरं वाटलं. इतकं बरं वाटावं अशी ती गोष्ट नव्हती.

वाटेत नातवाचा फोन आला. तिनं कॅमेरा फिरवून त्याला वायपर दाखवले, हे आजोबांनी नीट केले म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "आजी, तू कधी येणार?"

"पूजा झाली की लगेच येते घरी. आता झोप तू."

आपण 'घरी' म्हणालो, हे तिला जाणवलंसुद्धा नाही. मी रस्त्याकडं बघत गाडी चालवत राहिलो.

तीन दिवस घर भरलेलं होतं. गावाकडून भाऊ, भावजय, पुतण्या आले. मुखवटे लागले, फुलोरा बांधला, आंबील, पुरण, भाज्या, गल्लीतल्या उरलेल्या बायका हळदी-कुंकवाला. मी पाणी भरलं, पानं मांडली, केळीचे खांब बांधले. विसर्जन झालं, पाहुणे गेले आणि दुपारी आम्ही दोघंच उरलो. ती मुखवटे जुन्या धोतरात गुंडाळत होती.

मी विचारलं, "तू आता तिकडंच राहणार का?"

तिनं दुसरा मुखवटा गुंडाळायला घेतला. "तिथं मला काम हाय," ती म्हणाली. "पोरगं शाळेतून आलं की दारातूनच मला हाक मारतंय. इथं मी काय करू? तुमचं सगळं तुमी करताव. भाकरी बी येती आता तुमाला."

"शिकावी लागली."

"मी कुठं न्हाई म्हणायले? पर तुमी का येत न्हाईत?"

"मला तिथं काही काम नाही."

"तेच ना," ती म्हणाली.

भांडण नव्हतं ते. ती माझ्यावर रुसली नव्हती, मी तिच्यावर नव्हतो. दोघांनाही एकच गोष्ट हवी होती आणि ती दोन वेगळ्या गावांत होती. थोड्या वेळानं तिनं मुखवट्यांचा डबा माझ्याकडं दिला, मी तो माळ्यावर ठेवला आणि तिनं शिडी धरली.

तिला सेलूला सोडलं त्या दिवशी ऊन होतं. स्टेशनवर तिनं मला औषधांच्या वेळा परत सांगितल्या, मी ऐकल्या. डब्यात बसल्यावर तिनं खिडकीतून हात बाहेर काढला. मी तो धरला. आमच्या वयाची माणसं आमच्याकडं असं चारचौघांत करत नाहीत. गाडी हलली तेव्हा सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्या मावशी आल्या. सणाच्या दिवसांत रोज दोन लिटर घेत होतो.

"बाई गेल्या का?" त्यांनी विचारलं.

"गेल्या."

"मंग किती टाकू?"

पाव लिटर म्हणायचं होतं. मी म्हटलं, "मावशी, चहा टाकतो, घेता का?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग गल्लीत पुढं बघितलं. "अजून बोळातली घरं राहिलीत," त्या म्हणाल्या, आणि कॅन खाली ठेवून पायरीवर बसल्या. "बिनसाखरेचा टाका. साखर बंद केलीय डॉक्टरनं."