जर्मलला रंग चढत नाही

आयुष्यातली काही वर्षं मी जवळजवळ एकाच शब्दावर काढली. तो शब्द म्हणजे "आता".

नाशकात तांबट आळीत आमचं घर. पुढच्या खोलीत अण्णांचं काम चाले, मागे चूल. अण्णा म्हणजे माझे वडील. आळीत तांब्याची भांडी ठोकून घडवणारे पुष्कळ होते. अण्णा मात्र जोडाचं काम करत. घागरीला गळा, बंबाला नळी, तपेल्याला कान. जोडावर टाकणखार आणि पितळेचा कीस घालायचा आणि घासलेटच्या बर्नरची ज्योत धरायची. तांबं आधी काळवंडतं, मग लाल होतं, मग केशरी. केशरीच्या एका ठरावीक छटेला कीस पाण्यासारखा वाहतो आणि जोडात शिरतो. तेवढ्यात ज्योत बाजूला घ्यायची. उशीर झाला की भांडं गेलं. सगळा खेळ रंगाचा, म्हणजे डोळ्यांचा.

आणि अण्णांचे डोळे गेलेले होते. पूर्ण नव्हे. जन्मभर ज्योतीकडे बघून नजरेचा मधला भाग जळाला होता. कडेचं दिसायचं, त्यामुळे ते रस्त्यानं नीट चालत, ओळखीच्या आवाजाला हात करत. आळीत कुणाला पत्ता नव्हता. समोर धरलेल्या जोडाच्या जागी मात्र त्यांना नुसता करडा डाग दिसे. जोडाचं काम करणाऱ्याला जोड दिसत नाही हे बाहेर कळलं असतं, तर एकही घागर आमच्या दारात आली नसती.

मला हे कळलं ते माहेरी परत आल्यावर. माझा नवरा मनमाडला रेल्वेत होता. तापानं गेला. सासर सटाण्याकडचं. तेराव्यानंतर दीर मला नाशकाला पोहोचवायला आले आणि ओट्यावरूनच म्हणाले, "थोडा दिन आठेच ऱ्हा वहिनी, मंग लेवाले इसू." थोडे दिवस इथेच राहा, मग न्यायला येतो. ते आले नाहीत, आणि खरं सांगायचं तर मी वाटही पाहिली नाही. मला तेव्हा कशाचंच काही वाटत नव्हतं. रडू आलं नव्हतं. शेजारणी येऊन माझ्या वाटचं रडून जायच्या आणि मी त्यांना पाणी द्यायची. एकदा भाकरी टाकताना बोटं तव्यावर टेकली, ती मी वास आल्यावर काढली. अण्णांनी खोबरेल चोपडलं. 

दुसऱ्या दिवशी म्हणाले, "इकडे पुढे येऊन बस. पंप मार, आणि मला रंग सांग."

"म्हणजे?"

"मला दिसत नाही," अण्णा म्हणाले. बाजारातून मेथी आणली म्हणावं, तसं म्हणाले.

तेव्हापासून मी बर्नरपाशी बसू लागले. आळीला वाटे, बिचारी विधवा पोर बापाला पंप मारू लागते. मी पंप मारायचीच, पण माझं खरं काम वेगळं होतं. केशरीची ती छटा आली की मी हळूच "आता" म्हणायची आणि अण्णा ज्योत बाजूला घ्यायचे. दिवसभरात आमचं दुसरं बोलणं फारसं होत नसे. माझा "आता" चुकत नसे. मनात काही हलत नसलं की नजर स्थिर राहते, एवढा एक फायदा. मी या घरात कशाला आहे असं कुणी विचारलंच असतं, तर माझ्यापाशी उत्तर तयार होतं. अण्णांना माझे डोळे लागतात. तेवढ्यावर मी सकाळी उठत होते. उठायला दुसरं कारण नव्हतं.

त्याच सुमारास बाजारात अल्युमिनियमची भांडी दिसायला लागली. आमच्याकडे त्याला सगळे जर्मल म्हणत. वजनाला हलकं, कल्हईची कटकट नाही. त्र्यंबकला जाणारे यात्रेकरू जर्मलचं पातेलं पिशवीत घालून नेत, आणि चहाच्या दुकानांत जर्मलच्या किटल्या आल्या. आळीत या भांड्यांना कुणी भांडी म्हणायलाही तयार नव्हतं. त्यांचं समाधान एकच होतं, की जर्मलला डाग, म्हणजे जोड, लागत नाही. फुटलं की फुटलं. हे सांगताना लोकांच्या चेहऱ्यावर असा आनंद असे, की जणू जर्मलनं त्यांचं काही खाल्लं होतं आणि आता ते भोगतंय. खाल्लं होतंच म्हणा.

एक दिवस मुलींच्या शाळेतल्या मास्तरीणबाई आल्या. त्यांच्या किटलीची चोच तुटली होती आणि आळीतल्या प्रत्येकानं त्यांना हात जोडले होते. मला वाटलं, अण्णाही जोडतील. अण्णांनी किटली हातात घेतली, तुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ठेवून जा. वेळ लागेल."

त्यांनी मुंबईहून एका व्यापाऱ्याकडून डबा मागवला. डब्यात पांढरी पूड आणि बारीक कांड्या. पूड जोडाला लावायची, तापवायचं आणि कांडी टेकवायची. आधी आम्ही एका फुटक्या झाकणावर करून पाहिलं. अण्णांनी ज्योत धरली. मी रंगाची वाट पाहू लागले. जर्मल होतं तसंच पांढरं. मी वाट पाहत राहिले. काळं नाही, लाल नाही, काही नाही. आणि एकाएकी झाकण भिजलेल्या कागदासारखं मधोमध खचून खाली पडलं.

"रंगच आला नाही," मी म्हणाले.

"येतच नाही म्हणतात. तांबं सांगून वितळतं. हे न सांगता जातं."

लोकांना असल्या बोलण्यातून अर्थ काढायची सवय असते. मी काढला नाही. मला त्या झाकणाचं वाईटसुद्धा वाटलं नाही. मला एवढंच कळलं की या धातूपुढे माझे डोळे आणि अण्णांचे डोळे सारखेच.

अण्णा मात्र त्या दिवसापासून पछाडल्यासारखे झाले. त्यांचं म्हणणं, दोष जर्मलचा नाही, ज्योतीचा आहे. आमचा बर्नर दांडगट होता. पंप मारला की डरकाळी फोडायचा, हवा उतरली की मलूल व्हायचा. तांब्याला ते चालतं. जर्मलला चालत नाही, कारण कांडी वितळण्याची वेळ आणि भांडंच वितळण्याची वेळ यांत फार थोडं अंतर असतं. ज्योत मंद आणि एकसारखी ठेवता आली, तर त्या अंतरात हात घालता येईल.

मग त्यांनी जुन्या बंबाचं तांब्याचं पिंप घेतलं आणि पंप आणि बर्नर यांच्या मधे बसवलं. पिंपात हवा भरून राही, त्यामुळे ज्योत खालीवर होईना. हवा जास्त झाली तर पिंप फुटेल, म्हणून वरच्या भोकावर चामड्याची चकती आणि तिच्यावर अर्ध्या शेराचं वजन ठेवलं. हवा वाढली की वजन उचललं जाई आणि फुस्स होई. त्यानंतर बर्नरच्या फिरकीवर त्यांनी पितळेची एक चकती बसवली. तिच्या कडेला खाचा पाडल्या आणि मोडक्या घड्याळाच्या स्प्रिंगचा तुकडा त्या खाचांत अडकेल असा लावला. फिरकी फिरवली की कट असा आवाज येई. एका खाचेला ज्योत इतकी, पुढच्या खाचेला इतकी. बोटांना कळे, कानांना कळे. बघायची गरज नाही.

खाचा त्यांनी पाच-सहा वेळा बदलल्या. चकत्या घासून घासून त्यांच्या बोटांची कातडी निघाली. आळीत बोलणं सुरू झालं की म्हातारा चळला, तांबटाचा बच्चा असून जर्मलच्या नादी लागलाय. अण्णांच्या कानावर ते जात होतं. त्यांनी ऐकू येत नाही असं ढोंग केलं, आणि डोळ्यांच्या ढोंगाइतकंच ते छान जमवलं.

मास्तरीणबाईंची किटली जोडली गेली, पण आठवड्याभरात त्या ती परत घेऊन आल्या. जोडावर पिठासारखी पांढरी बुरशी आली होती आणि चोच पुन्हा गळत होती. अण्णा रागावले नाहीत. बाईंना म्हणाले, "डब्यावर काय लिहिलंय ते वाचता का जरा?" बाईंनी इंग्रजी वाचून सांगितलं, की काम झालं की जोड गरम पाण्यानं घासून धुवायचा, पूड राहिली तर ती धातू खाते. एवढीच गोष्ट. बाई निघाल्या तेव्हा अण्णा त्यांना आळीच्या तोंडापर्यंत सोडायला गेले. गिऱ्हाइकाला सोडायला जायची त्यांची रीत नव्हती. मी ते पाहिलं आणि चुलीकडे गेले.

काही दिवसांनी मी पाणी भरून आले, तर आतून फिरकीचा आवाज येत होता. कट. थांबून पुन्हा कट. मी दारातच उभी राहिले. अण्णा एकटेच बाईंच्या किटलीवर काम करत होते. मान एका बाजूला वळवून, डोळे जवळजवळ मिटून, कांडी जोडावरून हलके हलके ओढत होते. आधी खरखर वाजली. मग कांडी घसरायला लागली. मग तिचं टोक मऊ झालं असावं, कारण अण्णांचा हात किंचित खाली गेला, आणि जोडाच्या रेघेवरून चकाकी फिरली. अण्णांनी फिरकी मागे घेतली. कुणी "आता" म्हटलं नव्हतं.

ती किटली चांगली झाली. मी हंडा ठेवला तो इतका आदळून, की पाणी उंबऱ्यावर सांडलं. बऱ्याच दिवसांनी मला काही वाटलं होतं, म्हणून मी ते ओळखलं नाही.

किटली न्यायला मास्तरीणबाई आल्या आणि मला म्हणाल्या, "मग काय ठरवलंत? तुमची मराठी सातवीची परीक्षा राहिलीय ना? ती द्या, मग पुण्याला मास्तरणींच्या शिक्षणाला जागा होईल. राहायची सोय मी बोलून ठेवते. तुमचे वडील म्हणाले, तुम्ही आता मोकळ्या आहात."

मोकळ्या. त्या गेल्यावर मी पुढच्या खोलीत आले.

"मला न विचारता?"

अण्णा चकती पुसत होते. "विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"तांब्याचं काम कोण बघणार? रंग कोण सांगणार?"

"तांब्याचं काम मी घेणार नाही आता. जर्मलचंच घेईन."

माझ्या आजोबांपासूनचं, त्यांच्याही आधीपासूनचं काम. ते त्यांनी एका वाक्यात सोडलं, आणि माझ्यासाठी सोडलं. मला राग आला. इतका राग आला की मी ती चकती उचलून रस्त्यावर फेकणार होते. मी म्हणाले, "तुम्हाला मी नकोशी झाले. सासरी नकोशी झाले तशी इथेही." मी खूप बोलले. दोन वर्षांचं साठलेलं बोलले असेन. अण्णा ऐकत होते. शेवटी म्हणाले, "तुझी बोटं तव्यावर भाजली ना, तेव्हा मी ठरवलं, हिला इथे जन्मभर 'आता' म्हणत बसवायचं नाही." आणि चकती फिरकीवर बसवत, "चल, भाकरी कर. भूक लागलीय."

परीक्षा मी दिली. पुण्याला निघायच्या दिवशी सकाळी ट्रंक दारात होती, टांगा यायचा होता. अण्णा चहाच्या दुकानाचं एक पातेलं जोडायला बसले होते. मी निरोप घ्यायला म्हणून दारात उभी राहिले. ते मान वळवून कांडी ओढत होते. खरखर थांबली. कांडी घसरली. चकाकी जोडभर फिरली, अण्णांनी फिरकी मागे घेतली, ज्योत उतरली. काम झालं होतं. मला ते स्पष्ट दिसलं. माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "आता."

अण्णांचा हात जागीच थांबला. कामाच्या बाबतीत माझ्याशी खोटं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी कांडी जोडापासून उचलली, जणू आत्ताच उचलायची होती, आणि म्हणाले, "बरं झालं सांगितलंस, पोरी."

मग मी रडले. दारातच, ट्रंकेवर बसून, टांगा येऊन थांबला तरी रडत होते. नवरा गेला त्याचं त्यात होतं, आणि बाकीचं सगळं होतं. अण्णा उठून आले नाहीत. आत गरम पाण्यानं पातेल्याचा जोड घासून धूत होते, आणि तो आवाज मला ऐकू येत होता.