पिशवी वर, ताप आणखी वर

दवाखान्यात आजाराला कोड, म्हणजे ठरलेला नंबर, लावायचं काम माझ्याकडे आहे. डॉक्टरांनी जे लिहिलं त्याचाच कोड टाकायचा, पदरचं अक्षर जोडायचं नाही. आणि आमच्या डॉक्टरसाहेबांचं अक्षर असं, की कागद उघडा ठेवला तर मुंग्या नातलग समजून भेटायला येतात.

खमरियातून एक रिटायर्ड काका भरती झाले. लघवीची नळी घरापासूनच लावलेली, आणि ताप इतका की त्यांच्यावरून गेलेल्या वाऱ्यानं शेजारच्याचा चहा गरम राहायचा. साहेबांनी लिहिलं : 'लघवीत संसर्ग. नळी बदलली.' बस्स! संसर्ग नळीमुळे की आणखी कशानं? घरून आणला की इथं झाला? चकार शब्द नाही.

वॉर्डाच्या इनचार्ज नर्स, आमच्या दीदी, माझ्या टेबलावर चालून आल्या. वॉर्डात झालेल्या संसर्गाचा जाब दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये त्यांनाच द्यायचा होता, आणि त्यांची इनचार्जकी आधीच डगमगत होती.

"भैया, मेरे सिर मत डालना. बुखार वो घर से लेके आए हैं!"

"दीदी, मला माहीत आहे. पण माझ्या माहितीला कोड नाही. साहेबांनी लिहायला पाहिजे."

साहेबांना राउंडवर गाठायला आम्ही दोघं वॉर्डात गेलो. बघतो तर काय, दीदींनी पलंगाच्या खालच्या दांडीला अडकवलेली लघवीची पिशवी काढून काकांची बायको, म्हणजे काकू, ती सलाइनच्या स्टँडवर चढवून राहिल्या होत्या!

"काकू, वर काहून टांगून राहिल्या?" मी विचारलं.

"मंग? सलाइन वरच टांगतात ना? घरी तर मी पडद्याच्या दांडीले टांगत होती."

"अहो, सलाइन आत जाते, हे बाहेर यायचं असते! वर टांगली की उलटं आत जाते."

काका पलंगावरून ओरडले, "तरीच! मी म्हणतो पाणी पितो घोटभर, अन् पोट बरगी धरणासारखं काहून भरून राहिलं!"

मागे साहेब उभे होते. हसून हसून त्यांचा चष्मा छातीवर आला. "चलो, अब तो समझ गए. डाल दो कोड."

"साहेब, हसण्याला कोड नाही. लिहा."

आणि त्यांनी लिहिलं, तेही वाचता येईल असं : 'नळीमुळे झालेला संसर्ग. भरती होतानाच होता.' दीदींनी ती ओळ तीनदा वाचली.

काकूंचा चेहरा मात्र उतरला. "म्हणजे माझ्यामुळं झालं?"

"अम्मा," दीदी पिशवी खाली अडकवत म्हणाल्या, "नळी लावणाऱ्यानं सांगायचं असतं. नहीं बताया, तो आप क्या करतीं?"

मीटिंगमध्ये दीदींना कोणी काही विचारलं नाही. त्याच वेळी वॉर्डात काकूंनी शेजारच्या पलंगाच्या नातेवाइकांना फैलावर घेतलं होतं, "खाली! कमरेच्या खाली ठेवा!" आवाज असा, की पार तिकडे दूर पाटनच्या मंडीत हमालांनी खांद्यावरची पोती उतरवली म्हणतात.