मामांची सारवासारव

जगात गुन्हा नावाची वस्तूच नाही, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला, तो म्हणजे आमच्या हिचे इंदापूरचे मामा. भावकीत डोकी फुटली तरी मामांच्या लेखी 'बोलणं जरा हातावर आलं' एवढंच असायचं. एकदा शेजाऱ्याच्या शेळीनं त्यांच्या परसातला घेवडा बुडख्यापर्यंत खाल्ला. मामी काठी घेऊन धावल्या, तर हे म्हणाले, "अगं, चव बगितली तिनं." आता नेमकं कुणाला मारावं, या विचारात मामी काठी धरून तशाच उभ्या राहिल्या. मामा बोलायला लागले की सगळ्यांचंच असं व्हायचं.

एकोणीसशे नव्वदच्या सुमाराची गोष्ट. कन्हेरीला माझा आणि माझ्या चुलतभावाचा, आण्णाचा, मळा कालव्यातून निघालेल्या एकाच चारीवर. त्या दिवशी पाण्याची पाळी आण्णाची होती. तो बारामतीला गेलेला पाहून मी भरदुपारी चारी फोडली आणि पाणी माझ्या उसात घेतलं. त्याचा ओंबीवर आलेला गहू कोरडा राहिला. आण्णानं बोलणंच टाकलं. ज्याच्या खांद्यावर बसून मी जत्रा पाहिली, तो मला बघून वाट बदलायला लागला, तेव्हा माझा जीव थाऱ्यावर राहिना. मी मामांना बोलावून घेतलं.

आण्णाच्या ओसरीवर बसून मामा बशीतला चहा फुंकत म्हणाले, "आण्णासाहेब, तसं बगितलं तर जावईबापूंनी काय केलंच न्हाय. पाणी उताराला गेलं. ह्ये फकस्त आडवं आलं न्हाईत." अर्धा तास हे ऐकून आण्णा पार गोंधळला. शेवटी तोच मला म्हणाला, "म्हंजी चूक माजीच हाय व्हय? मग माफ कर बाबा." मामा खूश. मला मात्र कळेना, मी सुटलो की अडकलो. सगळं मिटलं म्हणावं, तर माफी मागितली होती आण्णानं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आण्णाच्या मळ्यात गेलो. "आण्णा, पाणी मी चोरलं. जाणूनबुजून."

त्यानं खुरपं खाली ठेवलं. "ठावं हाय. तुज्या तोंडनं ऐकायचं व्हतं," म्हणाला आणि पाठीत सणसणीत धपाटा घातला. मला रडूच आलं.

मामा एसटीची वाट बघत थांब्यावर बसले होते. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"एवडं सरळ सांगितलं, तरी बोलतोय त्यो तुमच्याशी?"

"बोलतोय, मामा."

"मला वाटायचं, तसं सांगितलं की माणूस तुटतं."

एसटी आली. त्या दिवसानंतर मला मामांची थट्टा करता आली नाही.