चाचणीतली गोळी

दवाखान्यात नर्सने माझ्या थोरल्या भावाच्या, दादाच्या, तळहातावर पांढरी गोळी ठेवली. स्मृतिभ्रंशावरच्या नव्या औषधाची चाचणी आहे. काही रुग्णांना खरं औषध मिळतं, काहींना हुबेहूब तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. मी डॉक्टरीणबाईंशी घासाघीस करून पाहिली, "दादाला खरीच द्या."

"काका, कुणाला कोणती, ते मलाही सांगत नाहीत."

बोटांनी चाचपून कापड पारखत मी धंदा उभा केला. ही गोळी मात्र चिमटीत धरूनही काही कळेना; ती मी परत दादाच्या हातावर ठेवली.

याच दादाने भर गिऱ्हाइकांसमोर मला वडिलांच्या दुकानातून हाकललं होतं. तो ते साफ विसरला. भांडण जिवंत राहायला दोन्हीकडे आठवण लागते. एकट्याने किती दिवस चिडायचं? मला जाब हवा आहे, आणि तो देणारा माणूस रोज थोडा थोडा निघून चालला आहे.

"गिळ की लवकर!" मी ओरडलो.

दादाने माझ्याकडे परक्यासारखं पाहिलं. गोळी दाताखाली धरून मोडली आणि मोठा तुकडा माझ्यापुढे केला. "चिडू नका, शेठ. तुम्ही पण घ्या."

मी तो तुकडाही त्याच्याच तोंडात घातला, पाण्याचा पेला ओठांना लावला.

"सगळी तूच घे. आधी बरा हो, मग बघतो तुझ्याकडे."