अरबाचा आवाज माझाच होता

आमच्या तालमीच्या गणपतीपुढं दरवर्षी सजीव देखावा असतो आणि गेली बावीस वर्षं तो मी लिहितो. मी शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवतो. त्यामुळं जगात काय चाललंय ते मला कळतं, असा पेठेचा समज आहे, आणि खरं सांगायचं तर माझाही. देखावा म्हणजे इथं थट्टा नव्हे. कोडोली-कागलकडनं माणसं टेम्पो करून बघायला येतात, तासभर रांगेत उभी राहतात आणि आवडला नाही तर तोंडावर सांगून जातात.

त्या वर्षी जूनमध्ये शहरात नको ते झालं होतं. गणपतीआधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक झाली, तेव्हा साहेब म्हणाले, यंदा सलोख्याचे देखावे करा. बाकीची मंडळं इथलेच विषय घेणार हे मला ठाऊक होतं. मी लांबचा घेतला. इस्रायल आणि अरब देशांमधला अब्राहम करार. इतकी वर्षं ज्यांनी एकमेकांचं तोंड बघितलं नाही त्यांनी सह्या केल्या, दूतावास उघडले, विमानं सुरू केली. कार्यकर्ते खूश झाले. "मास्तर, आपली तालीम इंटरन्याशनल झाली की!" अध्यक्ष म्हणाले.

लांबचा विषय का घेतला, हे मला तेव्हाही माहीत होतं. जवळचा घेतला असता तर मला स्वतःबद्दल लिहावं लागलं असतं.

आमच्या गल्लीच्या तोंडाला माझ्या दोस्ताचं गाद्यांचं दुकान आहे. त्याच्या आजोबांपासूनचा तो धंदा. बालवाडीपासून आम्ही बरोबर. एकाच तालमीत माती अंगाला लावलेली. त्याचं दुकान माझ्या गॅलरीतून सरळ समोर दिसतं. जूनमधल्या त्या दुपारी जमाव गल्लीत शिरला, तेव्हा त्यानं शटर आतून ओढून घेतलं. आत तो आणि त्याचे वडील. शहरात नेट बंद केलं होतं, पण फोन अगदी खणखणीत लागत होते. माझा तीनदा वाजला. मी गॅलरीत उभा होतो, फोन हातात होता, त्याचं नाव दिसत होतं. खालच्या जमावात माझेच दोन जुने विद्यार्थी होते. मी वरून नुसती नावानं हाक मारली असती तरी ते चपापले असते.

मी आत गेलो. बायकोनं विचारलं, "कुणाचा फोन?" मी म्हणालो, "कंपनीचा." बाहेर शटरवर दगड पडत होते, ते आम्ही दोघांनी ऐकलं आणि दार लावून घेतलं.

कुणाच्या जिवाला काही झालं नाही. शटर चेपलं, पाटी फुटली, आणि त्याच्या वडिलांनी त्यानंतर दुकानात पाऊल टाकलं नाही. त्या दिवसाबद्दल आम्ही एक अक्षर बोललो नाही. समोर आला की मी हात वर करायचो, तोही करायचा.

देखाव्यात त्याला घेतलं की सगळं आपोआप ठीक होईल, असं मी मनाशी धरलं होतं. दरवर्षी तो मावळा असायचा. कापडी तटावरून त्याच्यासारखी उडी कुणाला जमत नाही. यंदा मी त्याच्याकडं पांढरा झगा आणि डोक्यावरची काळी दोरी घेऊन गेलो.

"ह्ये कोन?"

"अमिरातीचा अरब. उंच हाईस, शोभशील."

तो हसला. त्याच्या दाढीचं मी बोललो नाही, पण दोघांनाही कळलं. त्यानं कागद वाचला आणि विचारलं, "आनि ज्यांच्या घरादारावनं ह्यांचं भांडान, त्या पॅलेस्टाइनवाल्यांचं काम कोन करनार?"

"सात मिनिटांचा देखावा हाय मर्दा. स्टेजवर जागा न्हाई."

"म्हंजी त्यांना इचारल्याबिगरच मिटलं."

"खरं पण तसंच मिटलंय, मी काय करू?"

"बरं की," म्हणाला आणि झगा काखेत मारून कापूस पिंजायला गेला.

आमच्या देखाव्यात स्टेजवर कुणी बोलत नाही. आवाज आधी रेकॉर्ड करतात, पात्रं त्यावर ओठ हलवतात. अरबाच्या आवाजाला बोलावलेला माणूस आयत्या वेळी आला नाही, म्हणून तो आवाज मीच दिला. शेवटचं वाक्य कागदावर नव्हतं, ते मला तिथं माईकपुढं सुचलं. "झालं गेलं विसरलो. आजपासून तू माझा भाऊ." कुणाच्या तोंडी घालायचं म्हणून ते सुचलं, हे मला पक्कं ठाऊक होतं. दोस्तानं ते थेट रंगीत तालमीच्या वेळी ऐकलं. माझ्याकडं बघितलं, म्हणाला, "परत लावा." परत लावलं. त्यानं ओठ बरोबर बसवले.

देखावा उचलून धरला गेला. गल्लीतला दूधवाला इस्रायलचा पंतप्रधान होता, स्वतःच्या लग्नातला कोट घालून. त्याची बटणं लागत नव्हती. संध्याकाळी सातपासून खेळामागून खेळ. मी साउंडच्या पेटीशी उभा असायचो आणि सांगायला लाज वाटते, पहिले दोन दिवस मला फार बरं वाटलं. दर थोड्या वेळानं माझा दोस्त चारचौघांत मला माफ करत होता, आणि तेही माझ्याच आवाजात.

पाचव्या दिवशी त्यानं ओठ हलवायचे बंद केले. दूधवाल्याचा हात हातात घेऊन तो नुसता उभा राहिला आणि त्याच्या मिटलेल्या तोंडावरून माझा आवाज सगळ्या चौकात घुमला, "झालं गेलं विसरलो." पुढं बसलेली एक बाई ओरडली, "तोंड उघडा की पावणं!" लोक खदाखदा हसले. त्या संध्याकाळच्या उरलेल्या सगळ्या खेळांत तो तसाच उभा राहिला. दुसऱ्या दिवशी परीक्षक येणार होते. अध्यक्ष मला म्हणाले, "तुमचा दोस्त हाय, तुमीच बगा."

सकाळी दुकानात गेलो. तो दाभणानं गादीला टाके घालत होता. मी विचारायच्या आधीच म्हणाला, "त्ये शेवटचं वाक्य मला जमंना झालंय. एकच सांग मास्तर. फोन का उचलला न्हाईस?"

आवाजात राग नव्हता. तीन महिन्यांत त्यानं माझ्याकडं एवढंच मागितलं. उत्तर एका शब्दाचं होतं. भ्यालो. तो शब्द जिभेवर आला होता, शपथेवर सांगतो. आणि मी म्हणालो, "चार्जिंगला लावलता रे. आतल्या खोलीत. कळलंच न्हाई."

त्यानं टाका ओढला, दोरा दातानं तोडला.

"मी फटीतनं बगत हुतो. गॅलरीत प्लग हाय व्हय तुझ्या?"

शटर जमिनीला पुरतं टेकत नाही, हे मला लहानपणापासून माहीत होतं. त्या फटीतून आम्ही दोघांनी गोट्या आत ढकलल्या होत्या. मी तिथं कापसाच्या पोत्यावर बसून राहिलो. त्यानं मला शिव्या घातल्या असत्या, कानाखाली काढली असती तरी मी सुटलो असतो. तो उठला आणि म्हणाला, "च्या घेनार?"

मी हो म्हणालो. खोटं बोलल्यापेक्षाही तो चहा मी पिऊन आलो, याची मला जास्त लाज वाटते.

त्या संध्याकाळी त्याचे ओठ शब्दाला शब्द हलले. परीक्षकांनी सलोख्याचं पहिलं बक्षीस दिलं. ढाल घेतानाच्या फोटोत तो झग्यात आहे, मी त्याच्या खांद्यावर हात टाकून हसतोय. विसर्जन होऊन पंधरवडा व्हायच्या आत तिकडं युद्ध पेटलं. ज्यांना आमच्या स्टेजवर जागा नव्हती ती माणसं रोज टीव्हीवर दिसायला लागली, पडलेल्या घरांपुढं उभी असलेली. पोरं मला चिडवायची, "मास्तर, आपला करार बोंबलला की!"

आता आमचं सगळं सुरळीत आहे. दिवाळीला तो येतो, ईदला मी शीरखुर्मा खाऊन येतो. शांतता समितीत आमच्या दोघांचं उदाहरण देतात. माझा फोन कायम मोठ्या आवाजावर असतो, आंघोळीला जातानाही मी तो बरोबर नेतो. त्याच्या नावानं मात्र तो वाजत नाही. काही काम असलं तर दोस्त चालत येतो आणि खालून हाक मारतो.

गेल्या वर्षी एका सकाळी त्याच्या वडिलांच्या छातीत दुखायला लागलं. दुकानाला लागूनच्या घरात तो एकटाच, उचलायला माणूस हवा होता, गाडी हवी होती. त्यानं फोन केला तो दूधवाल्याला. चार गल्ल्या पलीकडं रतीब घालत होता, तिथून किटल्या तशाच ठेवून तो गाडी घेऊन आला. दोघांनी मिळून म्हाताऱ्याला बाहेर आणलं, मागच्या सीटवर निजवलं आणि दवाखान्याकडं निघून गेले.

मी गॅलरीत उभा होतो. फोन हातातच होता.