मोआचीला किती चारायचं

त्साय पी-श्याला स्वस्थ बसणं कधी जमलंच नाही. काओश्युंगच्या बंदराजवळ तिची नाश्त्याची टपरी होती, तोवर ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. एका हाताने सोयाबीनचं दूध ढवळायचं, दुसऱ्याने तव्यावरचं अंड्याचं धिरडं उलटायचं आणि तोंडाने गोदीतल्या कामगारांना झापायचं, "एवढंच? एवढ्यावर दुपारपर्यंत उभा तरी राहशील का?" मग टपरी जिच्या आडोशाला होती ती इमारत पाडली आणि पी-श्या घरी आली. घरी खायला फक्त नवरा, मिंग-तांग. जन्मभर क्रेन चालवलेला हा माणूस आता साखरेच्या दुखण्यामुळे अर्ध्या वाटी भातावर आला होता.

"कुणासाठी शिजवतेस एवढं?" तो विचारायचा.

"तुझ्यासाठी, म्हाताऱ्या माकडा."

"म्हणजे मला मारायचा बेत पक्का दिसतोय."

त्यातच मुलाला, वेन-पिनला, मालवाहू जहाजावर नोकरी लागली. निघताना तो आपली सरडी आईच्या गॅलरीत ठेवून गेला. हिरवीगार, डोक्यावर उंच तुरा, दोन डोळे दोन दिशांना फिरवणारी. जाळीचा उभा पिंजरा, आत कुंडीतलं झाड, वर उन्हासारखा दिवा. नाव मोआची. तांदळाच्या पिठाच्या मऊ लाडवावरून ठेवलेलं.

"आई, दिवसाआड चार-पाच रातकिडे. कॅल्शियमच्या पुडीत घोळवून. मेणअळ्या क्वचितच द्यायच्या, त्यात नुसती चरबी असते. आणि पानांवर पाणी फवारायचं, वाटीतलं ती पीत नाही."

"अख्ख्या गोदीला खाऊ घातलंय मी. मला शिकवतोस?"

"म्हणूनच सांगतोय," वेन-पिन म्हणाला.

सुरुवातीला तिने सगळं नीट पाळलं. उलट त्यात आपली भरही घातली. रातकिड्यांनाच आधी भोपळा आणि रताळ्याचा पाला घालून पोसायचं, म्हणजे ते सत्त्व मोआचीच्या पोटात जाईल, असं तिला किड्यांच्या दुकानदाराने सांगितलं होतं. त्या किड्यांसाठी ती बाजारातून कोवळी पानं निवडून आणू लागली. मिंग-तांग म्हणाला, "या घरात माझ्यापेक्षा किडे बरं जेवतात."

मग वेन-पिनचं जहाज मोठ्या समुद्रात शिरलं आणि त्याचे निरोप थांबले. पी-श्या फोन उचलायची, ठेवायची, पुन्हा उचलायची. तिने पाठवलेला निरोप त्याने वाचल्याची खूण काही उमटत नसे. वादळाची बातमी लागली की ती टीव्ही बंद करायची आणि पुन्हा लावायची. अशा वेळी पाय आपोआप गॅलरीकडे वळत. चिमट्यात एक अळी धरून पुढे केली की मोआचीचे दोन्ही डोळे एका जागी येत, तोंड किंचित उघडे, आणि फट्! लांबलचक जीभ सुटून अळी गायब. पी-श्याच्या छातीतलं काहीतरी तेवढ्यापुरतं सैल व्हायचं. कुणीतरी तिच्या हातचं खाल्लं होतं. मग आणखी एक. दिवसाआडचं रोज झालं, रोजचं दोनदा झालं, आणि मेणअळ्यांचा डबा फ्रीजमध्ये कायमचा बसला.

मोआची गोल दिसू लागली. पी-श्याला वाटलं, अंग धरतेय. पण एके सकाळी मोआचीने अळी बघून तोंड फिरवलं. रेशमाचा किडा दिला, तोही नको. हिरव्या अंगावर पिवळे-निळे ठिपके उठले होते. ती पिंजऱ्यात वरून खाली, खालून वर नुसती फिरत होती, जाळीला नखं लावत होती, कुंडीतली माती उकरून सोडून देत होती. पी-श्याही गॅलरीतून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून गॅलरीत.

"एक सरडी जेवली नाही, तर घरात भूकंप झाल्यासारखं काय चाललंय?" मिंग-तांग वैतागला.

"पोराने विश्वासाने ठेवलीय ती! तो आला की काय सांगू त्याला?"

"मग डॉक्टरकडे ने. माझं डोकं कशाला खातेस?"

डॉक्टर कुओ अशाच प्राण्यांवर उपचार करणारी तरुण बाई होती. तिने मोआचीचा एक्स-रे दिव्यासमोर धरला. पोट पांढऱ्या गोळ्यांनी ठासून भरलेलं होतं.

"अंडी आहेत, मावशी."

"काहीतरीच! ही एकटी असते. नर कुठून येईल?"

"कोंबडी नाही का कोंबड्याशिवाय अंडी घालत? तसंच. पिल्लं निघत नाहीत, पण अंडी होतात. जितकं खाणं जास्त, तितकी अंडी जास्त."

"मी वाईट काही चारलं नाही हो. चांगलं ताजं..."

"चांगलंच होतं. हाडं बघा किती भरीव आहेत. फक्त फार होतं." डॉक्टरने मोआचीला हलकेच परत ठेवलं. "आता हिला ओली वाळू द्या, खोल. आणि पिंजरा झाका. कुणी बघतंय असं वाटलं तर ती अंडी अडवून धरते, आणि त्यात जीव जातो. दोन-तीन दिवसांत नाही घातली तर ऑपरेशन करावं लागेल."

मिंग-तांगने ओळखीच्या गवंड्याकडून वाळू आणली आणि मोरीत बसून पाणी नितळ येईपर्यंत धुतली. बादलीभर ओली वाळू पिंजऱ्यात ठेवली, वरून चादर टाकली. आता करण्यासारखं काही उरलं नाही, आणि पी-श्याला तेच सोसवेना. ती छीचिन बेटाच्या फेरीबोटीत जाऊन बसली. पलीकडे उतरली, तशीच परत फिरली, पुन्हा गेली. खाडीतून मोठी जहाजं सरकत होती. प्रत्येकाकडे ती मान वळवून बघत राहिली.

घरी आली तेव्हा मिंग-तांग खुर्चीत पेंगत होता. चादरीचं टोक तिने बोटभरच उचललं. मोआची वाळूत अर्धी बुडून खणत होती. एक डोळा गर्रकन पी-श्याकडे फिरला. क्षणात सरडीचं अंग काळं पडलं, आणि ती खड्डा सोडून फांदीवर चढली.

"काय केलंस तू?" मिंग-तांग उठला. एवढ्या वर्षांत त्याने आवाज चढवलेला तिने ऐकला नव्हता. "नजरेनेसुद्धा चारतेस तू! त्या जिवाला जरा एकटं सोड ना!"

पी-श्याने चादर सोडली आणि गॅलरीतून बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी तिने तळमजल्यापासून गच्चीपर्यंत इमारतीचा सगळा जिना घासून काढला. शेजारणी म्हणाल्या, राहू दे, सफाईवाली येते. ती घासत राहिली. पायऱ्या संपल्यावर कठडे पुसले. गुडघा ठणकत होता, पण गॅलरीत ती गेली नाही.

दुपार उतरताना मिंग-तांग जिन्यात आला. "ये," म्हणाला. "आता बघितलंस तरी चालेल."

खड्डा बुजलेला होता. वाळू वरून थापून सपाट केली होती. मोआची खालच्या फांदीवर पडली होती, रिकाम्या पिशवीसारखी, डोळे खोल गेलेले. पी-श्या अळ्यांच्या डब्याकडे धावली, आणि मधेच थांबली. आधी पाणी, डॉक्टरने सांगितलं होतं. तिने पानांवर फवारा मारला. मोआचीने थेंब चाटले. पुष्कळ वेळ चाटत राहिली. मग पी-श्याने एक रेशमाचा किडा पुडीत घोळवून पुढे धरला. जीभ सुटली, जरा हळू, पण किडा गेला. चिमट्यात दुसरा तयार होता. मोआचीचे दोन्ही डोळे त्याच्यावर होते.

"दे की," मिंग-तांग म्हणाला.

"उद्या," ती म्हणाली आणि किडा डब्यात परत टाकला.

त्या आठवड्यातच वेन-पिनचा फोन आला, एका बंदरावरून. अंड्यांचं ऐकून तो म्हणाला, "माझंच चुकलं, आई. त्याबद्दल मी सांगायला हवं होतं."

"सांगितलं असतंस तरी मी चारलंच असतं," पी-श्या म्हणाली. "तू कधी येतोस ते सांग."

तो कधी येणार, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. पी-श्याने मात्र पुढच्या महिन्यात बाजाराजवळच्या एका नाश्त्याच्या दुकानात अर्ध्या दिवसाचं काम धरलं. दूध ढवळायचं, धिरडी उलटायची, येणाऱ्याजाणाऱ्याला झापायचं. घरी परतली की पानांवर फवारा मारते. खाणं आठवड्यातून दोन-तीनदाच, मोजकं. मोआची पुन्हा हिरवी झालीय. जहाजाचा निरोप येत नाही त्या दिवशी पी-श्या अजूनही घरभर फिरते. गॅलरीच्या दाराशी येते, कडीवर हात ठेवते, आणि परत वळते.